जवाईबापूचे पॉइंट

शेखर गावंडेला अमरावतीच्या बसस्थानकावर ज्याने नुसतं ऐकलं असेल, त्याला हा माणूस भित्रा आहे असं सांगून पटायचं नाही. कंट्रोलरच्या केबिनमध्ये बसून तो माइकचं बटण दाबतो, घसा खाकरतो, आणि आवाज असा निघतो जणू सगळ्या बसगाड्या त्याच्या आजोबांनीच विकत घेऊन ठेवल्या आहेत. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! बडनेरा, मूर्तिजापूर मार्गे अकोल्याला जाणारी बस फलाट क्रमांक चारवर उभीऽऽ आहे!" त्या 'उभी'वर तो एवढा वेळ थांबतो की शेंगदाणेवालेही त्याच्यासोबत सूर धरतात.

मग बटण सुटतं आणि खरा शेखर बाहेर येतो.

"अरे, डायवर आला नं पण? पाहून ये बरं. नाई आला तं?"

गॅस बंद केला नं? नाई केला तं? कुलूप बसलं नं? नाई बसलं तं? त्याची बायको रूपाली सांगते, "लग्नाच्या दिवशी हे मंडपात मायापाशी वाकले. मले वाटलं काही गोड बोलतीन. तं म्हणे, 'भटजीनं मुहूर्त बरोबर काढला नं? नाई काढला तं?' मी म्हटलं, काढला असो का नसो, हात दुखून राहिले माये, हार घाला."

अशा माणसाजवळ क्रेडिट कार्ड कुठून आलं? तर डेपोच्या कँटीनमध्ये एकदा एका बँकेची पोरं टेबल मांडून बसली होती. कार्डासोबत चाकाची लाल बॅग फुकट. रूपालीला बॅग आवडली म्हणून शेखरने सही केली. बॅग प्लास्टिकसकट माळ्यावर गेली आणि कार्ड पाकिटासकट कपाटात, साड्यांच्या खाली. तिथे पडल्या पडल्या ते आपोआप काही खर्च तर करणार नाही ना, हे तो मधूनमधून साड्या उचलून पाहायचा.

ते कार्ड बाहेर निघालं आईपायी.

त्याची आई सत्यवती नांदगाव खंडेश्वरला राहते. धाकटी लेक आचल बंगलोरला. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर आचलला दिवस गेले होते, वैशाखात बाळंत व्हायची होती, आणि फोनवर रोज एकच पालुपद, "आई, तू येशील नं?" आईच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरने रेल्वेचा लांबचा प्रवास साफ बंद केला होता. राहिलं विमान.

"नागपुराहून बसलो का दोन तासांत बंगलोर," शेखर म्हणाला.

"कितीचं तिकीट हाये?"

"हाये थोडंसं."

"थोडंसं म्हंजे तुया पगारातलं. मी नाई येत. लेकराच्या खिशातले पैसे हवेत उडवाले मी का मंत्री हावो?"

ही नुसती बोलायची गोष्ट नव्हती. सत्यवतीबाई नांदगावहून अमरावतीला येते तेव्हा कंडक्टर म्हणतो, "साहेबाची माय हाये, राहू द्या." ती रुमालाची गाठ सोडते. "बाईमाणसाचं अर्ध तिकीट सरकारनं माफ केलं, ते मी घेतलं. उरलेलं अर्ध काप. मायं पोरगं माइकवर बोलते, बस त्याची नाई." लेकाचा पैसा स्वतःवर खर्च होऊ द्यायचा नाही, हा तिचा कायदा. उपचारालासुद्धा तिने आधी पाटल्या मोडल्या, मग त्याला कळवलं.

फुकटाचं मात्र तिला अजिबात वावडं नाही. संक्रांतीच्या वाणात स्टीलचा डबा मिळत असेल तर दुखती कंबर घेऊन ती चार आळ्या फिरते.

रूपालीनेच मग सुचवलं. "त्या कार्डावर पॉइंट भेटतात म्हणे. पॉइंटवर विमानाचं तिकीट निघते. मायाच शाळेतल्या बाई गोव्याले जाऊन आल्या."

शेखर नांदगावला गेला. "आई, बँक देते तिकीट. आपण सामान घेतो, त्याचे गुण जमा होतात, गुणावर तिकीट. फुकट."

"एकदम फुकट?"

"एकदम."

"शपथ घे."

"कोनाची?"

"मायी घे."

"तुयी शपथ घेतली अन काही कमीजास्त झालं तं? तुले काही झालं तं?"

"म्हणून तं मायीच घे म्हणून राहिली."

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती कानाला फोन लावून मोकळी झाली, "आचल, येऊन राहिली वं मी! इमानानं! फुकट!" आणि शेखर तिथेच बोटांवर हिशेब करू लागला. कारण तिकीट एक नव्हतं, दोन होती. जन्मात नागपूरच्या पुढे न गेलेली, कमरेला पट्टा बांधलेली आई एकटी कशी विमानात बसवायची? आणि स्वतःचं तिकीट विकत काढलं की आई म्हणणार, मायापायी तुया खिशातून गेले, शपथ मोडली. दोन तिकिटांचे पॉइंट, तेही वैशाखाच्या आत.

नवराबायकोच्या किराण्यावर एवढे पॉइंट कुठून व्हायचे? पण त्याच वर्षी अकोल्याला रूपालीच्या धाकट्या बहिणीचं, आकांक्षाचं लग्न ठरलं.

सासरे रामराव जिनिंग प्रेसमध्ये मुकादम होते. सरक्या काढणाऱ्या यंत्रांच्या खडखडाटावरून पलीकडच्या माणसाला हाक मारून मारून त्यांचा आवाज तसाच राहिला. ते कानात सांगतात तेव्हा शेजारचे दार उघडून "काय झालं?" विचारतात. दोन गोष्टी त्यांनी आयुष्यात केल्या नाहीत. एक म्हणजे कोणापुढे आवाज खाली आणला नाही. दुसरी, कोणत्याच वस्तूचं खोकं फेकलं नाही. त्यांच्या माळ्यावर रेडिओचं खोकं आहे, रेडिओ जाऊन जमाना झाला. "वापस कराची वेळ आली तं? खोक्याशिवाय कोनी घेत नाई, जवाईबापू." या एका बाबतीत सासरा-जावयाचं पटतं.

लेकीचं आंदण घ्यायचं होतं. शेखरने भीत भीत विचारलं, "मामाजी, मायाच कार्डानं घेऊ का? तुमाले सूट भेटीन. तुमी मले तिथल्या तिथं पैसे पाठवा." आणि रामरावांनी अख्ख्या जठारपेठेला ऐकू जाईल असं सांगितलं, "घ्या! जवाईच हाये नं, परका थोडीच!"

जठारपेठेतल्या अन्सारभाईंच्या दुकानात शेखरचं दुसरं बारसं झालं. गोल चेहरा, कानावर पेन, आणि अर्धं मराठी अर्धं हिंदी एकाच घोटात: "आओ जवाईबापू! बैठो, पानी पियो. आज कशाचं बिल फाडायचं, टीव्हीचं का मिक्सरचं?" पहिल्या दिवशी शेखरला घाम फुटला होता, कार्ड मशीनमध्ये अडकलं तं? तिसऱ्या खरेदीपर्यंत तो ऑफरींचा पंडितच झाला. कोणत्या वारी कोणती सूट, कोणत्या वस्तूवर लगेच पैसे कमी होतात, कोणत्या वस्तूवर हप्त्याने घेतलं की सगळ्यात जास्त कमी होतात, हे तो बसच्या वेळापत्रकासारखं धडाधड म्हणून दाखवायचा. टीव्हीवर सूट. कपाटावर सूट. मिक्सरवर हप्त्याची सूट, ती तर पाहून अन्सारभाईंनीच तोंडात बोट घातलं. वॉशिंग मशीनही घेतली होती, पण वराकडून निरोप आला, आमच्याकडे हाये म्हणून. ती गेली परत. रामरावांनी खोकं ठेवलंच होतं.

चुलतसासरे आले, "जवाईबापू, आमचा पंखा बी पाहा नं." शेजारच्या काकू आल्या. सासूबाई प्रत्येकाला चहासोबत सांगायच्या, "आमचे जवाईबापू हायेत म्हणून, नाई तं पूर्ण पैसे मोजा लागले असते!" शेखर मान खाली घालायचा. मनातल्या मनात मात्र पॉइंट वाढत होते. त्याचा हिशेब सोपा होता: जितकी खरेदी, तितके पॉइंट. सूट त्यांची, पॉइंट आपले.

लग्नाला थोडे दिवस राहिले. आंदणातला एक फ्रिज तेवढा बाकी होता. तिकिटं आता काढावी म्हणून शेखरने फोनमध्ये पॉइंट पाहिले. फोन बंद केला. चष्मा पुसला. पुन्हा पाहिले.

चूक झाली असणार. बँकेची, फोनची, चष्म्याची. त्याने मदत केंद्राला फोन लावला. आधी सनई वाजली. मग एक छापील आवाज, "आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे." पुन्हा सनई. "आपल्या संयमाबद्दल धन्यवाद." शेखर पुटपुटला, "मायाजोळ संयम कुठी हाये बाई, तुमाले कोनं सांगितलं?" मग खरी पोरगी आली. तिचं मराठी इस्त्री केलेलं. "नमस्कार सर, मी आपणांस काय साहाय्य करू शकते?"

घाबरला की शेखर माइकवर जातो. "माझे पॉइंट कमी दर्शविण्यात येत आहेत! कृपया लक्ष द्यावे!"

बहुधा तिने हसू गिळलं. "पाहते सर. आपण टीव्ही घेतला त्यावर तात्काळ सवलत होती. सवलत वजा जाऊन जेवढी रक्कम कार्डावर लागली, तेवढ्यावरच पॉइंट मिळाले आहेत."

"म्हणजे सूट भेटली, त्याचे नाही?"

"ते पैसे आपण खर्चच केले नाहीत ना सर."

"अन कपाट? मिक्सर? पंखा?"

"कपाट आणि पंख्याचंही तसंच, सर. मिक्सर हप्त्याच्या ऑफरवर आहे. आपल्या कार्डावर हप्त्याच्या खरेदीला पॉइंट लागू नाहीत."

"थोडेसे बी नाई?"

"नाही सर."

"अन ते वॉशिंग मशीनचे? ते तं जमा झाले होते! मी सोता पाहिले!"

"मशीन परत केली आपण. वस्तू परत गेली की तिच्यावरचे पॉइंटही परत जातात. अजून काही साहाय्य करू शकते का सर?"

"नाई," शेखर म्हणाला. "एवढं लय झालं."

"आपला दिवस शुभ असो."

केबिनबाहेर यवतमाळची बस हॉर्न देत होती, घोषणेची वाट पाहत. त्याला ऐकूच आलं नाही. आपण खणून खणून जी जी सूट काढली, लोकांनी ज्या ज्या सवलतीपायी त्याला दुवा दिला, ती प्रत्येक सूट आईच्या विमानाचा एकेक तुकडा घेऊन गेली होती. उरले होते ते एका तिकिटाचे. आणि दुसऱ्याचे थोडे, अर्धवट.

राहता राहिला फ्रिज. मोठा होता, दोन दारांचा. तो कोणत्याही ऑफरशिवाय, सरळ पूर्ण किमतीला कार्डावर घेतला, तर दुसरं तिकीट पूर्ण होत होतं. आणि पॉइंट आचलच्या तारखेच्या आधीच्या बिलात येत होते. सवलतीचा शब्दच काढायचा नाही. मामाजींना काय माहीत ऑफर असते का नसते? ते तर जावई सांगेल ती पूर्व मानतात.

तिथेच तर तो अडकत होता.

तो आठवडा कसा गेला ते स्थानकावरच्या लोकांना विचारा. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! मूर्तिजापूर मार्गे अकोल्याला जाणारी बस सवलत क्रमांक चारवर उभी आहे!" शेंगदाणेवाले सूर धरता धरता थांबले. ताटातली पोळी तशीच. रूपालीने विचारलं, "काय झालं तुमाले?" "काही नाई." "काही नाई म्हंजे लय काही हाये." त्याने सांगितलं नाही. कसं सांगणार? तिच्या बापाचे पैसे जास्त खर्चून माझ्या आईला विमानात बसवतो, असं?

रविवारी दोघं अकोल्याला गेले. रामराव आधीच दुकानात होते आणि फ्रिजचं दार उघडून-लावून पाहत होते, प्रत्येक वेळी आत डोकं घालून, आतला दिवा खरंच विझतो का हे तपासल्यासारखं. रूपाली गृहिणींच्या घोळक्यात गॅसशेगड्यांपाशी उभी राहिली.

अन्सारभाई मशीन घेऊन शेखरजवळ आले, कानाशी लागले. "जवाईबापू, सीधा मारू, के हप्तेवाली स्कीम पे? आज सकाळपासूनच चालू झाली. मस्त कट रहा है. काकाजीले अजून सांगितलं नाही, म्हटलं तुम्हीच सांगा, तुमचाच मान."

शेखरने तळहात शर्टाला पुसला. कार्ड ओलं झालं होतं.

"सीधा," तो म्हणाला.

"क्या?" अन्सारभाईंनी पेन कानावरून काढून परत कानावर ठेवलं. "तुम और ऑफर छोडते? तब्येत ठीक हाये नं?"

"सीधाच मारा."

अन्सारभाईंनी खांदे उडवले, कार्ड मशीनमध्ये सरकवलं. तेवढ्यात रामराव काउंटरपाशी आले. "अन्सार, खालचा स्टँड यातच देशीन नं?"

"काकाजी, स्टँड अलग. अल्ला की कसम, उसमें मेरेको कुछ नहीं बचता."

"एवढा मोठा फ्रिज घेऊन राहिलो बावा."

"काकाजी..."

आणि मग शेखरने जे ऐकलं ते यापूर्वी कधीच ऐकलं नव्हतं. रामरावांनी टोपी काढली, डोकं पुसलं, आणि यंत्रांच्या डोक्यावरून जाणारा तो आवाज एकदम बारीक केला, इतका बारीक की शेखरला तो दुसऱ्याच कोण्या माणसाचा वाटला. "दे ना रे अन्सार. शेवटची पोरगी हाये. तिथं पाहणारे पाहतीन, फ्रिज फरशीवर ठेवला म्हणतीन. मायाजोळचं आता सगळं सरलं बाबू. घे सांभाळून."

अन्सारभाई खाली पाहू लागले. रामरावांनी टोपी परत घातली नाही. हातातच धरून उभे राहिले.

"अन्सारभाई, थांबा," शेखर म्हणाला.

अन्सारभाईंचं बोट हिरव्या बटणावर होतं.

"स्कीम लावा. हप्त्याची." मग सासऱ्यांकडे न पाहता, माइकवरच्या आवाजात, "मामाजी, आजपासून नवीन सूट चालू झाली आहे. स्टँड निघून वर पैसे उरतात. कृपया... म्हंजे, टोपी घाला तुमी."

मशीनमधून कागद निघाला. रामरावांचा आवाज जागेवर आला, रस्त्यावरच्या दोन सायकली थांबल्या. "पाहाऽ! पाहा अन्सार! याले म्हणतात जवाई! तू लपवून ठेवली होती नं ऑफर? पण आमच्या जवाईबापूपासून लपते का?" शेखरच्या पाठीवर थाप पडली. त्या थापेने त्याचं विमानातलं आसन गेलं, हे दुकानात कोणालाच माहीत नव्हतं.

निदान त्याला तसं वाटलं. परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर मागे पडल्यावर रूपाली खिडकीकडे पाहतच म्हणाली, "तुमी आधी 'सीधा' म्हणाले."

शेखर पिशवीची गाठ पुन्हा बांधू लागला.

"मले ऐकू आलं. मी शेगड्या नव्हती पाहून राहिली."

मग त्याने सगळं सांगितलं. पॉइंट, पोरगी, सनई, वॉशिंग मशीन. बोलता बोलता तिकीट फाडणाऱ्या कंडक्टरलाही अर्धं कळलं. रूपालीने खिडकी लावली. मग म्हणाली, "बाबाले सांगितलं असतं तं त्यायनं सोता म्हटलं असतं, सीधा मारा म्हणून."

"म्हणून तं नाई सांगितलं."

"तुमाले भीती कशाची वाटते हो नेमकी? सांगाची, का न सांगाची?"

"दोन्हीची."

आईला मात्र सांगावंच लागलं. नांदगावच्या ओसरीवर ती डिंकाचे लाडू वळत होती, पोरीसाठी. शेखरने पंधरा वाक्यं गोल फिरवली.

"म्हंजे एकच तिकीट निघते," ती म्हणाली.

"हाव. दुसरं मी थोडे पैसे घालून..."

"मंग मी नाई जात."

"आई, तू एकटी कशी जाशीन?"

"एकटी काहून? इमानात ड्रायवर नाई राहत का?" तिने लाडू ताटात ठेवला. "तिकीट फुकट हाये. मी जाते. बाळंतपण मले कराचं हाये, तुले नाई. तू काय करणार तिथं? 'नाई झालं तं, नाई झालं तं' करून त्या पोरीले अजून भेव लावशीन."

तिकीट काढताना शेखरने तारीख तीनदा तपासली. पॉइंट वळते झाले. आणि खाली बारीक अक्षरांत बँकेने पॉइंट वापरायची किरकोळ फी कापली. शंभराच्याही आतली. शेखर त्या आकड्याकडे पाहतच राहिला. एकदम फुकट, असं आईच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं होतं. आता हे तिला सांगितलं तर ती जात नाही. नाही सांगितलं तर मोडलेल्या शपथेसकट ती आभाळात जाते.

त्याने नाही सांगितलं.

नागपूरच्या विमानतळाबाहेर लाल बॅग माळ्यावरून उतरून पहिल्यांदा चाकावर चालली. आईसाठी चाकाची खुर्ची आली. ढकलणारा पोरगेलासा माणूस. शेखर त्याला समजावू लागला, कंबर, पट्टा, गोळ्या, हादरा नको. आईने मध्येच विचारलं, "कोन्या गावचा तू?"

"शेंदूरजनाघाट, मावशी."

"अगं बाई! मंग संत्र्याचा बहार कसा हाये औंदा?"

"गारपिटीनं मारला थोडा."

"अरेरे. चाल, चाल. शेखर, जाय तू घरी. हे लेकरू आपल्याकडचं हाये."

आणि काचेच्या दाराआड ती गेली. वळूनही पाहिलं नाही, संत्र्यांचं बोलत होती. शेखरला आत सोडेनात. आतून घोषणा ऐकू येत होत्या, मऊ, घाईच्या, एकही शब्द नीट न कळणाऱ्या. कोणते दार, कोणते विमान? असं बोलतात का माणसांशी? प्रवासी चुकीच्या विमानात बसला तं? त्याला वाटलं आत शिरावं, माइक हिसकावून घ्यावा आणि सांगावं, बंगलोरला जाणारे विमान अमुक दारात उभेऽऽ आहे.

मग एक विमान वर चढलं. हेच असेल? तो पार्किंगमधल्या झाडाखाली बसला. ऊन मी म्हणत होतं. आईचा फोन बंद. बंद असणारच, विमानात बंदच करतात. नाई केला असन तं? चालू राहिला अन त्यानं काही झालं तं? पट्टा तिला बांधता येतो का? आणि ती फी. शपथ मोडली ती मोडली, तेही माय हवेत असताना. मोठ्या पैशापायी नाही, शंभराच्या आतल्या पैशापायी. त्याने हात जोडले, कोणाला ते त्याचं त्यालाही ठरवता आलं नाही. चहावाल्याने विचारलं, "कोनी गेलं का साहेब?" शेखर दचकला. "म्हंजे?" "इमानानं, म्हणलं."

फोन वाजला तेव्हा तो इतक्या जोरात उठला की डोकं फांदीला लागलं.

"दादा, आली आई!" आचल हसत होती, रडत होती. "इथं सगळ्यायले लाडू वाटून राहिली." मग फोन हिसकावल्याचा आवाज. "शेखर! अरे, काही नाई त्यात. बसच्या पेक्षा कमी हादरे. त्या पोरी खाले विकत देतात, मी म्हटलं ठेव तुयं, मायापाशी पोळी अन ठेचा हाये. बाजूच्या साहेबानं बी खाल्ला."

"आई," शेखर म्हणाला. "एक सांगाचं होतं. तिकीट एकदम फुकट नव्हतं. बँकेनं फी कापली थोडी."

पलीकडे लाडवांच्या डब्याचं झाकण लागलं.

"किती?"

त्याने सांगितलं.

"आल्यावर देते तुले," ती म्हणाली. "अन आयक, तीन महिन्यानं मी वापस येईन, ते बी पॉइंटवरच. नाई तं मी इथंच राहते, सांगून ठेवते."

परतीचं. परतीचं तिकीट! 'पाहू मंग' म्हणून त्याने जे पुढे ढकललं होतं ते तिथेच बसलं होतं, वाट पाहत. खात्यात उरलेले पॉइंट अर्ध्या रस्त्यापर्यंतही पुरत नव्हते. तो परत झाडाखाली बसला. फोन पुन्हा वाजला. रामराव. फोन कानापासून हातभर दूर धरूनही चहावाल्यापर्यंत ऐकू गेलं.

"जवाईबापू! अन्सारच्या दुकानात हावो! वराकडच्यायनं कूलर मागतला, मोठा, लोखंडी! अन्सार म्हणते हप्तेवाली ऑफर हाये याच्यावर! तुमाले फोनवर लिंक पाठवते, तुमी तिथूनच मारा!"

शेखरने डोळे मिटले. रूपालीचा प्रश्न आठवला.

"मामाजी, मले काही सांगाचं हाये. तुमी ऑफर लावली तं तुमाले सूट भेटते. पण मले पॉइंट भेटत नाई. अन आईले बंगलोरहून वापस आनाचं हाये पॉइंटवर. ती दुसऱ्या पैशानं येत नाई. तुमाले सूट पायजे असन तं घ्या, तुमचाच हक्क हाये. मी फक्त सांगून ठेवलं."

पलीकडे दुकानाचा पंखा घरघरत होता.

"फ्रिजच्या वेळी बी असंच होतं?" रामरावांनी विचारलं. दुसऱ्यांदाच आयुष्यात, हळू आवाजात.

"...हाव."

"अन तुमी बोलले नाई."

"तुमी टोपी हातात घेतली होती, मामाजी."

मग रामरावांनी घसा खाकरला, आणि यंत्रं परत सुरू झाली. "अन्साऽर! ऑफर काढून टाक! सीधा मार! पूर्ण! अन जवाईबापूले लिंक पाठव!"

लिंक आली. शेखरने ओलसर बोटाने पैसे भरले. खरेदी झाल्याचा संदेश आला. पॉइंट लागतील, सगळे. त्याने तो संदेश दोनदा वाचला, आणि मग जे व्हायचं होतं ते झालंच.

"मामाजी... पण वराकडच्यायनं कूलर वापस केला तं? रंग आवडला नाई तं? मंग पॉइंट बी वापस जातीन नं."

"वापस?" रामराव गरजले. "खोक्याशिवाय कोनी घेते का वापस? थांबा, फोन धरा."

आणि फोनमधून पुठ्ठा टरकावल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, आणि मागून अन्सारभाई ओरडत होते, "काकाजी, घर जाके फाडो! काकाजी!"